मुद्दाम केलं नाही, मग शिक्षा कशाची?

"मी मुद्दाम नाही केलं!" हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं मुलाबाळांचं घर सापडणं कठीण. भावंडांची दंगामस्ती चालते, कुणाचा तरी धक्का लागतो, कुणी तरी पडतं आणि लगेच हा बचाव तयार असतो. आईबापांपुढे मग पेच पडतो. नियत वाईट नव्हती हे खरं, पण समोरच्याला लागलं हेही खरं. शिक्षा करायची का? केली तर किती?

वाचकहो, हाच पेच ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या व्यावसायिक खेळापुढे वर्षानुवर्षं उभा आहे. खेळाचं नाव रग्बी लीग. आपल्याकडे तो फारसा खेळला जात नाही, पण कबड्डी पाहणाऱ्याला समजायला अवघड नाही. प्रत्येक संघात तेरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याला समोरचे पकडून खाली पाडतात. या पकडीला टॅकल म्हणतात. सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. म्हणजे एका सामन्यात शेकडो वेळा धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात. अंगाला अंग भिडणं हाच जिथे खेळ, तिथे गुन्हा कशाला म्हणायचं?

नियम सांगतो की पाडा, पण डोकं आणि मान सांभाळा. हात किंवा खांदा समोरच्याच्या डोक्यावर वा मानेवर आदळता कामा नये. त्याला उचलून, पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत आपटता कामा नये. नियम साधा वाटतो. पण पकडणारे दोघे-तिघे असतात, वेग प्रचंड असतो आणि सगळं एक-दोन सेकंदांत घडून जातं.

24 मार्च 2014 रोजी मेलबर्नमध्ये असंच घडलं. मेलबर्न स्टॉर्म आणि न्यूकॅसल नाइट्स या संघांचा सामना होता. नाइट्सचा 22 वर्षांचा अ‍ॅलेक्स मॅकिनन चेंडू घेऊन धावला. स्टॉर्मच्या तिघांनी त्याला धरलं. त्याचं शरीर हवेत उचललं गेलं, तोल फिरला आणि तो मानेवर पडला. मानेचे दोन मणके मोडले. धावणारा, दौडणारा तरुण त्या क्षणापासून चाकाच्या खुर्चीला बांधला गेला.

तिघांपैकी जॉर्डन मॅकलीन या खेळाडूवर धोकादायकरीत्या उचलून पाडल्याचा आरोप ठेवण्यात आला. तोही जवळपास मॅकिननच्याच वयाचा. त्याच्या बाजूने मांडलं गेलं की मॅकिननने पडताना डोकं आत घेतलं म्हणून असं झालं. कुणाची मान मोडावी असं त्याच्या मनात होतं, असं कुणीही म्हटलं नाही. तरीही तो दोषी ठरला आणि त्याच्यावर सात सामन्यांची बंदी आली.

या निकालावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काहींचं म्हणणं, एका माणसाचं सारं आयुष्य बदललं आणि दुसऱ्याला फक्त सात सामने? काहींचं म्हणणं, असे टॅकल दर आठवड्याला होतात. मॅकिनन झटकून उभा राहिला असता तर इतकी मोठी बंदी आलीच नसती. मग ही शिक्षा कृत्याची की नशिबाची?

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात वजन आहे. जखमेवरून शिक्षा मोजायची म्हटली तर सात काय, सत्तर सामनेही पुरणार नाहीत. बंदीने मोडलेला मणका जोडला जात नाही. नुसत्या नियतीवरून मोजायची म्हटली तर जवळजवळ प्रत्येक जण सुटेल, कारण मुद्दाम कुणाला अपंग करायला मैदानात कोण उतरतं?

म्हणून या खेळाच्या शिस्तीची पद्धत मधला रस्ता धरते. मैदानावर रेफरी ताबडतोब निर्णय देतो. विरुद्ध संघाला पेनल्टी मिळते, दोषी खेळाडूला दहा मिनिटं बाहेर बसवतात किंवा थेट मैदानाबाहेर काढतात. सामना संपला तरी हिशेब संपत नाही. एक समिती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहते आणि कृत्याची प्रतवारी ठरवते. डोक्यावरच्या टॅकलमध्ये तीन पायऱ्या मानतात: निष्काळजीपणा, बेदरकारपणा आणि हेतुपुरस्सर मारलेला फटका. खेळाडूने लगेच कबुली दिली तर शिक्षा कमी होते. पूर्वीचे गुन्हे असतील तर वाढते. आरोप मान्य नसेल तर माजी खेळाडूंच्या मंडळापुढे सुनावणी होते आणि अध्यक्षस्थानी कायद्याचा जाणकार असतो. 2021 पर्यंत याचा हिशेब गुणांत चाले. शंभर गुण झाले की एक सामना बाहेर. 2022 पासून ती पद्धत गेली आणि हलक्या चुकांसाठी दंड आला.

जुन्या चुकांचा हिशेब किती महाग पडतो, हे ऑगस्ट 2021 मध्ये दिसलं. साउथ सिडनीच्या लॅट्रेल मिचेलचा टॅकल सिडनी रूस्टर्सच्या जोई मानूच्या चेहऱ्यावर बसला. मानूच्या गालाचं हाड मोडलं आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. हे दोघे पूर्वी एकाच संघात खांद्याला खांदा लावून खेळलेले, 2018 चं विजेतेपद सोबत जिंकलेले. मैदानावर मिचेलला फक्त दहा मिनिटं बाहेर बसवलं. रूस्टर्सचे प्रशिक्षक त्यावर इतके भडकले की पंचांविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांनाच 20,000 डॉलर दंड झाला. पुढे मिचेलवर बेदरकारपणाचा आरोप आला आणि मागच्या नोंदींमुळे, कबुली देऊनही, सहा सामन्यांची बंदी बसली. त्याच्याशिवाय त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि 14-12 असा, अवघ्या दोन गुणांनी हरला. तो असता तर काय झालं असतं कोण सांगणार? पण एका हाताच्या बेपर्वाईची किंमत साऱ्या संघाने मोजली, एवढं नक्की.

त्याच वर्षी मे महिन्यात, ब्रिस्बेनमधल्या एका आठवड्याच्या सामन्यांत, अधिकाऱ्यांनी डोक्यावरच्या टॅकलबाबत एकदम कडक धोरण धरलं. आठ सामन्यांत चौदा वेळा खेळाडूंना दहा मिनिटांसाठी बाहेर बसवलं, तिघांना कायमचं बाहेर काढलं. प्रेक्षक ओरडले, खेळाडू वैतागले. खेळाची मर्दानगी गेली, असंही म्हणून झालं. पण त्याआधी 2015 च्या जून महिन्यात क्वीन्सलँडमध्ये जेम्स अ‍ॅकरमन हा 25 वर्षांचा खेळाडू खांद्याच्या धडकेनंतर दोन दिवसांत दवाखान्यात मरण पावला होता. खांदा मारून पाडण्यावर तेव्हा बंदी होतीच. नियम कागदावर होता, अंगवळणी पडला नव्हता. त्या तरुणाच्या घरच्यांपुढे मर्दानगीची गोष्ट कोण काढणार?

या साऱ्यातून घरच्यांनी घेण्यासारखी एक गोष्ट आहे. कुणाला उचललंस, तर त्याला सुखरूप खाली ठेवण्याची जबाबदारीही तुझीच. तो जोवर तुझ्या हातात आहे, तोवर त्याची मान तुझ्याकडे अमानत आहे. नियत साफ असणं चांगलंच, पण ती पुरेशी नाही. हात साफ ठेवणंही शिकावं लागतं. इन्साफ विचारतो तो प्रश्न "तुझ्या मनात काय होतं" एवढ्यावर थांबत नाही. "काय होऊ शकतं, हे तुला ठाऊक असायला हवं होतं की नाही" असंही तो विचारतो.

आपली मुलं कबड्डी खेळोत, फुटबॉल खेळोत की गल्लीतली कुस्ती. कुणाला लागलं नाही म्हणून धोक्याचा डाव माफ करू नका, आणि लागलं म्हणून साध्या अपघातावर आग पाखडू नका. डाव कसा टाकला ते पाहा. कुणी पडलंच तर कबुली देणं, विचारपूस करायला त्याच्या घरी जाणं आणि पुढच्या वेळी हात आवरणं, हे तिन्ही शिकवा. मुळात धोक्याचा डाव पहिल्यांदा दिसेल, तेव्हाच टोका. सात सामन्यांच्या बंदीने मॅकिनन उठून उभा राहिला नाही. शिस्त उपयोगी पडते ती पुढच्या खेळाडूची मान वाचवायला.