लाल डोळ्यावर स्टेथोस्कोप

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण बरा होऊन घरी येतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, त्याचा एक डोळा लालभडक होतो. घरचे म्हणतात, डोळे आलेत. औषधाच्या दुकानातून थेंब येतात. डोळा मात्र खोबणीतून पुढे येऊ लागतो, एकाचे दोन दिसतात आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला डोक्यात भस्स-भस्स आवाज घुमतो.

मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी, अशुद्ध रक्ताच्या एका पोकळीतून जाते. अपघातात तिला तिथेच चीर पडली, की जोरकस दाबाचं रक्त थेट त्या पोकळीत घुसतं आणि डोळ्याच्या शिरांमध्ये उलटं तुंबतं. याला कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला म्हणतात. वेळ गेली तर दृष्टी जाऊ शकते, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो.

लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी १८०९ मध्ये अशा धडधडणाऱ्या डोळ्यासाठी मानेतली धमनीच बांधून टाकली. पुढे कित्येक वर्षं हाच मार्ग राहिला. त्यात पक्षाघाताचा धोका होता आणि रक्त दुसऱ्या वाटेने पुन्हा तिथे पोहोचायचं, ते वेगळंच. मग मॉस्कोच्या फ्योदोर सर्बिनेंको यांनी कॅथेटरच्या टोकाला इवलासा फुगा लावून तो धमनीतून नेला आणि हव्या त्या जागी सोडून दिला. मे दिनाच्या गर्दीत दोरीवर डोलणारे फुगे पाहून ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्यांचा १९७४ चा लेख प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या डॉक्टरांनी हे तंत्र उचललं. आज जांघेतून कॅथेटर घालून प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी किंवा घट्ट होणारं द्रव्य भरून भोक बुजवतात. बहुतेकदा कवटी उघडावी लागत नाही.

म्हणजे अशा रुग्णाचं घोडं अडतं ते निदानापाशी. त्यासाठी पहिली तपासणी फुकट आहे: मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकणं. तालुक्याच्या दवाखान्यातही हे जमतं. आवाज आला तर रुग्णाला अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायला हवं. आणि आवाज नसला तरी डोक्याला मार लागल्याचा इतिहास असेल तर निर्धास्त राहू नये.

पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात मोर्चे निघाले, हेल्मेटसाठी निघालेला मोर्चा आठवत नाही. त्यामुळे असे रुग्ण येत राहणार, हे धरूनच चालायला हवं. निदान डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत एक ओळ छापता येईल: डोळा लाल झाला, पुढे आला किंवा डोक्यात ठोके ऐकू आले, तर त्याच दिवशी रुग्णालयात या.