हिमालयन घ्यायची, पण कोणत्या सालाची?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत घराचे कर्ज, मुलांची फी, पेन्शनची अडकलेली फाईल हेच विषय जास्त असतात. या खेपेस मात्र नांदेड जिल्ह्यातील एका आयुष्मानांचे वेगळेच पत्र आले आहे. हे तरुण उपासक एमआयडीसीत नोकरीला आहेत. घरापासून कारखाना २२ किलोमीटर. पुढच्या उन्हाळ्यात दोघा मित्रांबरोबर स्पिती खोऱ्यात जाऊन ताबोचा विहार पाहावा अशी त्यांची इच्छा आहे. त्यासाठी जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन घ्यायची आहे. गाठीला सव्वा लाख रुपये आहेत, पण त्यातले चाळीस हजार धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. वडील एसटीतून निवृत्त झालेले. त्यांचे म्हणणे, “दुसऱ्याने टाकलेली गाडी घेण्यापेक्षा नवी शंभर सीसीची घे.” आता बाजारात २०१६ पासून २०२२-२३ पर्यंतच्या हिमालयन मिळतात, सर्वांत स्वस्त अर्थातच २०१६ ची. तेव्हा कोणती घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एकाचा असला तरी आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुलांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ताबोचा विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. आतल्या भिंतीवरील चित्रांमुळे लोक त्याला हिमालयातले अजिंठा म्हणतात. आपल्या घरातला मुलगा स्वतःच्या कमाईतून तिथवर जाऊ पाहतो, याचा आनंद वडिलांनाही असणारच. त्यांचा विरोध गाडीला नाही, फसगतीला आहे, आणि तो रास्त आहे.

प्रथम गाडीविषयी. हिमालयन २०१६ च्या मार्चमध्ये बाजारात आली. इंजिन ४११ सीसीचे, एका सिलिंडरचे, ताकद साधारण साडेचोवीस अश्वशक्ती. पुढचे चाक २१ इंची, मागचे १७ इंची. जमिनीपासून पोट २२० मिलिमीटर उंच, पण सीट ८०० मिलिमीटरवरच, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय टेकतात. टाकी १५ लिटरची. लिटरला तीसच्या आसपास धरले तर चारशे किलोमीटरचा पल्ला होतो, आणि जिथे शंभर शंभर किलोमीटर पेट्रोलपंप नसतो तिथे याला फार किंमत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीने ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणारी नवी हिमालयन आणली आणि ही ४११ सीसीची मागे पडली. म्हणूनच जुन्या बाजारात ती भरपूर दिसते. नवी चारशे पन्नास आपल्या या उपासकांच्या हिशेबात बसत नाही, तिचा विचार येथेच सोडू.

आता साले. बाहेरून सगळ्या हिमालयन सारख्याच दिसतात आणि दलाल नेमका याचाच फायदा घेतो. आतून मात्र त्या एक नाहीत.

२०१६ आणि २०१७ च्या सुरुवातीच्या गाड्या बीएस-३ च्या, कार्ब्युरेटरवाल्या. या पहिल्या खेपेविषयी मालकांच्या तक्रारी त्या काळी खूप गाजल्या. इंजिनाचा खडखडाट, गिअर नीट न बसणे, हॅण्डलचा कोनसेट लवकर खराब होणे, अशा त्या तक्रारी होत्या. सगळ्याच गाड्या वाईट निघाल्या असे नाही. ज्यांनी सुटे भाग बदलून घेतले त्यांच्या आजही चालतात. परंतु कार्ब्युरेटरची खरी अडचण घाटाच्या वर कळते. स्पितीत मनालीकडून जायचे तर कुंझुम खिंड लागते, ती साडेचार हजार मीटरच्या वर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळपास खालच्याच मापाने सोडत राहतो. हवा कमी, पेट्रोल जास्त. मग प्लग काळा पडतो, गाडी दम टाकते, सकाळी थंडीत सुरू व्हायला तयार नसते. जाणकार मिस्त्री जेट बदलून हे सावरू शकतो, पण तो मिस्त्री तुमच्यासोबत खिंडीत असायला हवा.

२०१७ च्या उत्तरार्धात बीएस-४ ची गाडी आली आणि तिला फ्युएल इंजेक्शन मिळाले. यात हवेचा दाब आणि तापमान सेन्सर मोजतो व त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त केले जाते. दम डोंगरावर याही गाडीचा कमी होतो, कारण हवाच कमी, पण ती गुदमरत नाही. तेव्हा २०१७ ची म्हणून कोणी गाडी दाखवली तर ती कार्ब्युरेटरची आहे की फ्युएल इंजेक्शनची ते पाहा. कार्ब्युरेटर असेल तर ती जुन्या खेपेतली.

यानंतरचा टप्पा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत असतो. तो म्हणजे एबीएस. जोरात ब्रेक दाबला की चाक जागीच अडकते आणि गाडी घसरते, हे आपण पावसाळ्यात रोज पाहतो. एबीएस असलेल्या गाडीत चाकापाशी दातेरी कडे आणि सेन्सर असतो. चाक अडकू लागले की ब्रेकचा दाब सेकंदाला अनेकदा सोडला-धरला जातो आणि चाक फिरत राहते. सव्वाशे सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. हिमालयनमध्ये ते २०१८ च्या उत्तरार्धातच येऊ लागले होते. म्हणजे २०१८ सालात एबीएसच्या आणि बिनाएबीएसच्या, दोन्ही प्रकारच्या गाड्या विकल्या गेल्या. विकणारा “२०१८ ची आहे” एवढेच सांगतो. किल्ली फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागतो का, आणि गाडी चालू लागल्यावर तो विझतो का, हे स्वतः पाहावे. लागलाच नाही तर एबीएस नाही किंवा कोणी बल्ब काढला आहे. विझत नसेल तर सेन्सर गेला आहे.

घरातला मुलगा रोज ४४ किलोमीटर जाणार-येणार, तेही उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्याने. तेव्हा बिनाएबीएसची गाडी वीस हजारांनी स्वस्त मिळाली तरी मी ती सुचवणार नाही. लडाख-स्पिती वर्षातून एकदा, कारखाना वर्षातून तीनशे दिवस.

२०२० च्या जानेवारीत बीएस-६ ची हिमालयन आली. तिच्यात मागच्या चाकाचे एबीएस बटणाने बंद करता येते. सुट्या खडीवर, उतारावर एबीएसमुळे गाडी थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून अनुभवी चालक ते बंद करतात. नवख्याने चालूच ठेवावे. वजन मात्र वाढत गेले. पहिली गाडी १८२ किलोची होती, ही १९९ किलोची. ज्यांची गाडी बोळातून मागे ढकलत आणावी लागते, किंवा ओट्यावर चढवून ठेवावी लागते, त्यांनी घेण्याआधी एकदा ती ढकलून पाहावी. दुकानदार हसला तरी हसू द्या. २०२१ पासून रस्ता दाखवणारे छोटे गोल यंत्र, थोडी उंच काच, बरी गादी आणि गुडघ्याला न लागणारी पुढची जाळी मिळाली. सोयीच्या गोष्टी आहेत, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. खिशातल्या फोनवरही नकाशा दिसतो.

२०२० साल घेताना एक काळजी घ्यावी. बीएस-४ ची विक्री ३१ मार्च २०२० ला संपली, त्यामुळे त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही प्रकारच्या गाड्या नोंदल्या गेल्या. सेल्समनच्या तोंडावर जाऊ नये. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना व वर्ष असते, ते वाचावे आणि उत्सर्जनाचे मानकही तपासावे. नोंदणीचे साल आणि बनल्याचे साल यांत कधीकधी बरेच अंतर असते. किंमत बनल्याच्या सालावर ठरवावी.

तेव्हा आपल्या उपासकांना माझे उत्तर असे. बहिणीचे चाळीस हजार हिशेबातून आजच काढून टाका, ते वेगळ्या खात्यात ठेवा. उरले पंच्याऐंशी. त्यातले पंधरा हजार टायर, चेन-सॉकेट, ब्रेक पॅड, ऑइल व नाव बदलण्याच्या खर्चाला राखा. उरलेल्या सत्तर हजारांत २०१८ च्या शेवटची किंवा २०१९ ची, एबीएस असलेली, फ्युएल इंजेक्शनवाली गाडी शोधा. जरा जास्त पळालेली असली तरी चालेल. त्या पैशांत चांगली मिळाली नाही तर सहा महिने थांबा, आणखी साठवा, मग २०२० ची बीएस-६ पाहा. २०१६ ची स्वस्त म्हणून घेऊ नका, आणि बीएस-६ साठी खासगी सावकाराचा किंवा मोबाईलवरच्या कर्जाचा हप्ता मागे लावून घेऊ नका. ताबो हजार वर्षे उभे आहे, एक उन्हाळा पुढे गेला तरी ते तिथेच असेल.

गाडी पाहायला जाताना वडिलांना सोबत न्या. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाचा कान कोणत्याही यंत्रापेक्षा तयार असतो. आधी इंजिनाला हात लावून पाहा. गरम असेल तर विकणाऱ्याने ते आधीच सुरू करून ठेवले आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. गाडी मधल्या स्टॅण्डवर घेऊन पुढचे चाक उचला आणि हॅण्डल सावकाश फिरवा. मध्येच खटका लागला तर कोनसेट गेला. हॅण्डलच्या मागे फ्रेमच्या वेल्डिंगवर ताजा रंग दिसला तर गाडी सोडून द्या. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाची ओल आहे का, तारांच्या चाकात ढिल्या तारा आहेत का, पोटाखालची पत्र्याची ढाल किती ठेचली आहे, हे बसून, वाकून पाहावे. ढालीवर खूप मार असेल तर ती गाडी खरोखर डोंगरात गेलेली आहे. सायलेन्सर बदलून फटाका बसवला असेल तर मूळचा मागून घ्या, नाहीतर पीयूसीला अडचण येईल.

आणखी एक विचारा. गाडी १४ एप्रिलच्या रॅलीत किती वर्षे फिरली? यात हसण्यासारखे काही नाही. उन्हात चार-चार तास अर्ध्या क्लचवर चालवल्याने क्लचप्लेटा जळतात. हे इंजिन हवा आणि तेलाने थंड होणारे आहे, त्याला वाऱ्याची गरज असते. जयंतीत गाडी अवश्य न्यावी, पण थांबल्यावर बंद करावी.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या नाहीत, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

राहता राहिली कागदपत्रे. चेसिस व इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र आल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ व ३० वर सही घेऊन ते गाडीत महिनोन्‌महिने फिरवत ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावे नोंदणी आहे त्याच्यावर येते, मग गाडी त्याने विकलेली का असेना. म्हणजे नाव लगेच बदलण्यात विकणाऱ्याचेही हित आहे, हे त्याला समजावून सांगा. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. विमा नावावर करण्यासाठी विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवावे. सप्टेंबर २०१८ नंतर विकलेल्या नव्या दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा होता. २०१८-१९ च्या गाडीचा तो आता संपलेला आहे, तेव्हा “विमा आहे” या शब्दावर न राहता तारीख पाहा. दिल्लीची गाडी स्वस्त म्हणून आणली तर एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यांत ती स्वस्ताई जाते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही पाहून घ्यावे. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला सांगावा.

आयुष्मानांनी गाडी पाहिल्यावर आरसीवरील उत्पादनाचा महिना आणि मीटरवरचे किलोमीटर कळवावेत. भाव योग्य आहे की नाही ते पत्राने सांगता येईल.