हात गेला, हक्क तरी जाऊ देऊ नका



गळीत हंगाम आला की आपल्या भागात दुसरा विषय नसतो. टनाला दर किती, तोड कधी येणार, काटा बरोबर आहे का नाही. जयसिंगपुरात ऊस परिषद भरते आणि दराचा आकडा गावोगाव पोचतो. ते योग्यच आहे. पण ज्या हातांनी हा ऊस पिकवला, त्यांतला एखादा हात कायमचा निकामी झाला तर त्या घराचे काय होते, यावर परिषद सोडाच, पारावरसुद्धा कोणी बोलत नाही. त्यावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

आमच्या माहितीतले एक सभासद. वीस गुंठे ऊस, दारात दोन म्हशी. सांजच्याला वैरण कापताना कडबाकुट्टीत उजवा हात गेला. जीव वाचला, पण खुरपे धरायचे राहिले. आम्ही विचारले, "सरकारात अर्ज केला का?" ते म्हणाले, "भीक मागायची पाळी अजून आलेली न्हाई." वर्षाने एक म्हैस विकली, तेव्हा कुठे उठले. मग खेपा सुरू झाल्या. एका ठिकाणी साहेब फिरतीवर, दुसऱ्या ठिकाणी एक कागद कमी. तपासणीचा वार चुकला की आठवडा गेला. शेवटी अंगठा लावायची वेळ आली, तर उरलेल्या अंगठ्याच्या रेषा राबून झिजलेल्या. यंत्र घेईना!

पण खरे नुकसान आधीच झाले होते. शेतकऱ्याला अपघातात एक हात, एक पाय किंवा एक डोळा गमवावा लागला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून १ लाख रुपये मिळतात. दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. २०२३ सालापासून ही योजना या स्वरूपात चालते. खातेदाराला तर ती आहेच, पण घरातल्या खातेदार नसलेल्या एका माणसालाही आहे. मात्र अर्ज तालुका कृषी कार्यालयात तीस दिवसांच्या आत जावा लागतो. आमच्या सभासदाचे वर्ष लाजण्यात गेले. लाजेची किंमत लाख रुपये झाली.

म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो, ही भीक नव्हे. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. चाळीस टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या गरजू माणसाला तिचा आधार आहे. दिव्यांगांचे अनुदान २०२५ च्या ऑक्टोबरपासून महिना २५०० रुपये झाले आहे. ग्रामपंचायतीनेही आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्चावयाचे असतात. आपल्या गावात ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता सरकारलाही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली, टक्का मोजतात तो अवयवाचा, कामाचा नाही. मणका दुखावलेल्या माणसाला पस्तीस टक्के लिहून मिळाले, तर टेबलावर बसणारा कारकून आपली नोकरी करू शकेल. पण उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्याचे सगळेच काम संपते. कागदावर मात्र दोघे सारखे, आणि दोघांनाही अनुदान नाही. हा कसला न्याय?

दुसरी, उत्पन्नाची अट. दिव्यांगांसाठी घरचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागते. वीस गुंठ्यांत वीस टन ऊस निघाला आणि टनाला तीन हजार धरले, तरी बिल साठ हजारांचे दिसते. त्यातून खत, पाणीपट्टी, सोसायटीचे कर्ज वजा जाता हातात काय उरते, हे आपणास सांगावयास नको. स्वतः राबता येत नाही म्हणून मजूर लावावा लागतो, तो खर्च वेगळाच. ही अट खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेवर लागली पाहिजे.

कोणी म्हणेल, खोटे दाखले काढणारेही आहेत. आहेत, आणि त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्यांच्यापायी खऱ्या माणसाने दहा खेपा का घालाव्यात?

आणि आपण काय करणार? कारखान्यातील कामगारासाठी १९२३ सालीच नुकसानभरपाईचा कायदा झाला. बांधावर राबणाऱ्या सभासदाला तसे कवच नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गट कार्यालयात या योजनांचे अर्ज आणि कागदांची यादी असावी. चिटबॉय उसाच्या नोंदीला घरोघर जातोच. कोणाच्या घरी अपघात झाला तर त्याने त्याच आठवड्यात कळवावे. सातबारा, पंचनामा, डॉक्टरांचे कागद गोळा करून देण्यास एक जाणता कर्मचारी नेमावा. याला फार पैसा लागत नाही, फक्त मनावर घ्यावे लागते.

आणि शेजाऱ्यांनो, तुमच्या आळीत असा कोणी असेल तर त्याला "अर्ज कर" एवढेच सांगून थांबू नका. त्याला मोटारसायकलवर मागे बसवा आणि कचेरीत सोबत जा. एकट्या माणसाला उद्या या म्हणणे सोपे असते. दोघे गेले की खुर्ची जरा लवकर हलते. सहकार म्हणजे तरी दुसरे काय?