‘ओन्ली’ कुठे बसवावा?

शिरूरच्या शाळेत मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. दरवर्षी एक तास ‘ओन्ली’ या क्रियाविशेषणासाठी राखलेला असे. फळ्यावर लिहायचे, ‘रामा एट टू मँगोज.’ ‘ओन्ली’ रामाच्या आधी बसवला की आंबे रामानेच खाल्ले, बाकीचे उपाशी. ‘टू’च्या आधी बसवला की बिचाऱ्याने दोनच खाल्ले. मुले खूष असत.

तशी या शब्दाची नोकरी फिरतीची. ‘लेडीज ओन्ली’च्या डब्यावर तो पहारेकरी. चेकवर रकमेपुढे तो कुंपण. मराठीत तिथे आपण ‘फक्त’ लिहितो, पुढे कोणी शब्द घुसडू नये म्हणून. ‘आलो असतो, ओन्ली पाऊस होता’ यात तो चक्क ‘पण’ होतो, आपल्या ‘मात्र’सारखा. आणि ‘आय ॲम फ्रॉम शिरूर ओन्ली’ हा तर आपला ‘मी शिरूरचाच’! इंग्रज माणूस तिथे बुचकळ्यात पडतो.

एवढी विद्वत्ता गाठीला असून मी अडकलो तो घरातच.

गेल्या वर्षी आषाढात दौंडला माझ्या धाकट्या बहिणीचे खुब्याचे हाड मोडले. दसऱ्याला मी न्हावरे-चौफुला मार्गाने पुन्हा तिला पाहायला गेलो. (चौफुल्याजवळच केडगाव. पंडिता रमाबाईंनी तिथे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. एकेका शब्दापायी त्या किती अडल्या असतील!)

बहिणीचा थोरला मुलगा तिची सेवा करतो, धाकटा कॅनडात. दोघेही शाळेसाठी माझ्याकडे राहिलेले. तीन महिने दोघांत बोलणे नाही, हे मला त्या दिवशी कळले. थोरल्याने मोबाईल पुढे धरला. ‘‘मामा, तुम्हीच वाचा.’’

धाकट्याने लिहिले होते, ‘ओन्ली आय कॅन सेंड मनी.’

‘‘म्हणजे पैसे पाठवायची ऐपत याचीच! आणि मी रात्री उठून आईला कूस बदलून देतो, ते कशातच नाही?’’

व्याकरणाने थोरल्याचा अर्थ बिनचूक होता. मीच शिकवला होता. पण धाकट्याच्या मनात वाक्य मराठीतून उठले असावे, ‘फक्त मी पैसे पाठवू शकतो.’ बोलताना ‘पैसे’वर जोर पडला की आपल्याला उमगते, लिहिताना तो जोर कुठे उमटवणार? आपला ‘च’ बरा. ज्या शब्दाला बिलगेल त्याचे बोट सोडीत नाही.

रात्री कॅनडाला फोन लावला. ‘‘बाळ, ते वाक्य मराठीत म्हण बघू. ‘च’ कुठे लावशील?’’

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, ‘‘पैसेच, मामा. मी नुसते पैसेच पाठवू शकतो. रजा मिळत नाही हो.’’

थोरला दारात उभा होता. काही बोलला नाही. माझ्या हातातून त्याने फोन घेतला आणि आत जाऊन आईच्या कानाशी धरला.