पंचावन्न टक्क्यांची भिंत

परिचर्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीला ही व्यवस्था एकाच वेळी दोन प्रमाणपत्रे देते. पहिले असे की, मुख्य विषयांत किमान 50 टक्के गुण मिळवून ती उत्तीर्ण झाली आहे, राज्य परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव दाखल झाले आहे आणि अत्यवस्थ रोग्याच्या शिरेत सुई घालण्यास, प्रसूतीच्या वेळी आई आणि बाळ या दोघांचा जीव सांभाळण्यास ती पात्र आहे. दुसरे प्रमाणपत्र कोणी लिहून देत नाही, पण तिला ते पाठ असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी पदवीला एकूण 55 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे खुल्या वा इतर मागास वर्गातील 52 टक्क्यांची मुलगी माणूस जगविण्यास लायक, पण त्याविषयी अधिक शिकण्यास नालायक!

या पाच टक्क्यांच्या पट्ट्यात किती मुलींची झोप उडालेली असते, याची कल्पना गुणवत्तेवर व्याख्याने देणाऱ्यांना नाही. त्यांना ही चिंता मनाचा कमकुवतपणा वाटते. समुपदेशक नेमा, योगवर्ग भरवा, असे उपाय ते सुचवितात. चिंतेचे मूळ मात्र मनात नाही, हिशेबात आहे. अट ‘एकूण’ गुणांची आहे. हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या शाळेत बारावीपर्यंत मराठीतून विचार करीत आलेली मुलगी पहिल्याच वर्षी शरीररचना आणि जीवरसायन इंग्रजीतून शिकते व इंग्रजीतून लिहिते. तिला विषय कळलेला असतो, उत्तर लिहिता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती वर्गात पुढे येते, पण पहिल्या वर्षाचे ते गुण शेवटपर्यंत तिच्या बेरजेत बसून राहतात. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीशी तिची ही ‘समान’ स्पर्धा.

त्यात कामाचा भार. शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा परिचर्या परिषदेचाच दंडक आहे. सार्वजनिक रुग्णालयातील रात्रपाळी एकदा पाहिलेल्या माणसाला तो ऐकून हसू येईल. खाटा भरलेल्या, खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या, आणि त्या सर्वांना मिळून एक-दोन सिस्टर. उरलेली पोकळी कोण भरून काढते? विद्यार्थिनी. कागदोपत्री ते प्रशिक्षण असते, आणि त्यातले काही खरोखरच प्रशिक्षण असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्ट्रेचर ओढणे, चादरी मोजणे, रजिस्टरे उतरवून काढणे यातून कोणती परिचर्या शिकविली जाते? बिनपगारी श्रमावर रुग्णालय चालवायचे, पाळी संपवून आलेली मुलगी पुस्तक उघडून त्यावरच झोपली की तिला कमी गुण द्यायचे, आणि त्या गुणांनाच तिच्या बुद्धीचे माप म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

ती तक्रार का करीत नाही, असे कोणी विचारील. लेखी परीक्षेच्या शंभरातील 25 आणि प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनातून येतात. तिला राबवून घेणारी संस्थाच ते गुण देते. पाच टक्क्यांवर जिचे भवितव्य टांगलेले आहे, ती मुलगी जादा पाळीला नाही म्हणणार नाही, हे व्यवस्थापनांना चांगले ठाऊक आहे. एरवी निरुपद्रवी वाटणारा गुणांचा नियम अशा रीतीने शिस्तीचा चाबूक होतो.

पदवीनंतरच्या एका वर्षाच्या अनुभवाची अटही अशीच. तो अनुभव बहुतेकींना खासगी रुग्णालयात मिळवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2016 साली नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. ती अमलात आणण्याचे काम राज्यांवर सोपविले गेले, आणि राज्यांनी काय केले हे कोणत्याही तालुक्याच्या नर्सिंग होममधील मुलीला विचारावे. 12 मे रोजी तिला गुलाबाचे फूल मात्र न चुकता मिळते.

या अटीच्या समर्थकांचा एक मुद्दा गंभीरपणे घेतला पाहिजे. एम.एस्सी. झालेली परिचारिका उद्या शिक्षिका होणार. तिचे ज्ञान कच्चे असेल तर पिढ्या कच्च्या निघतील. हे खरे आहे. औषधाच्या मात्रेचे गणित चुकविणारीला समाजवादाच्या नावाने सूट द्यावी, असे कोणी म्हणत नाही. पण ज्ञान तपासण्यासाठी महाराष्ट्रात सामायिक प्रवेश परीक्षा आहेच. त्या परीक्षेला बसण्याआधीच चार वर्षांपूर्वीच्या गुणांवरून दार लावून घेण्यात कोणती गुणवत्ता सांभाळली जाते? पाच वर्षे अतिदक्षता विभागात उभी राहिलेली परिचारिका शिक्षिका म्हणून अधिक उपयोगाची, की वर्षभराचा अनुभव दाखवून आलेली 60 टक्क्यांची पदवीधर? हा प्रश्न विचारायचाच नाही, अशी ही रचना आहे.

नोंदणीकृत आणि सेवेत असलेल्या परिचारिकेला पदवीच्या गुणांची अट नसावी, तिची निवड प्रवेश परीक्षा आणि सेवाकाल यांवर व्हावी. अंतर्गत गुणांचा तपशील विद्यार्थिनीला दाखवावा व त्यावर दाद मागण्याची सोय संस्थेबाहेर असावी. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. तरीही त्या मांडण्यास कोणी नाही, कारण परिचारिकांच्या संघटना वेतनश्रेणीत गुंतलेल्या, आणि पक्षाचे कार्यकर्ते (मुलांच्या डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी शिकवणी वर्ग शोधताना जे दिसतात ते) परिचर्येच्या वसतिगृहाच्या फाटकापर्यंतही गेलेले नाहीत. पुढचे प्रवेशसत्र सुरू होण्याआधी प्रत्येक जिल्हा शाखेने तिथे जावे, मुलींकडून तीन महिन्यांच्या पाळ्यांच्या तासांची टिपणे मिळवावीत, आणि ती त्याच काळातील गुणपत्रिकांशेजारी ठेवून, कोणाचेही नाव उघड न करता, आपल्या भागातील आमदारांच्या टेबलावर न्यावीत.