लिलावातला ट्रक आणि दुरुस्तीचा हक्क

जिल्हा बैठकांत हल्ली एक प्रश्न हटकून येतो. कुणीतरी लिलावात निघालेला मिलिटरीचा ट्रक पाहून आलेला असतो. नव्या ट्रकच्या पासंगालाही न पुरणारी किंमत आणि चारही चाके ओढणारी गाडी! चौघांनी मिळून घ्यावी, कापूस जिनिंगवर न्यावा, कडबा वाहावा, उन्हाळ्यात वर पाण्याची टाकी बसवावी, असा बेत शिजलेला असतो. लगेच दुसरा कुणी म्हणतो, सरकारचे भंगार शेतकऱ्याच्या गळ्यात कशाला? आणि मग चहा येईपर्यंत वाद चालतो.

मी पालघरचा. आमच्याकडे कापूस नाही, ज्वारी नाही. भात, गवत आणि किनाऱ्याला चिकू. तुमच्या काळ्या रानातले मला काय कळणार, असे कुणी म्हटले तर ते बरोबरच आहे. पण जुनी गाडी चालती कशी ठेवावी, हे आमच्या भागात पाहायला मिळते. बोईसरला उतरून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शिरा. मोठ्या कारखान्यांच्या आडोशाला लेथ, वेल्डिंग, गीअर कापणारे, पाटे ठोकणारे यांची छोटी छोटी शेड आहेत. कारखान्याचा पंप बिघडला तर सुटा भाग परदेशातून येईपर्यंत कुणी थांबत नाही, शेडमध्ये घडवून घेतात. तोच हात जुन्या ट्रकवरही फिरतो. म्हणून हा प्रश्न मी मिस्त्रीच्या बाजूने पाहतो.

लष्कराच्या टाकाऊ गाड्या लोकांच्या हाती येणे नवे नाही. १९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा फोर्ड, शेव्हर्ले, डॉज ट्रक आणि विलीज जीपा यांचे ढीग या देशात पडून होते. सरकारने ते विकले. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर अशी सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात बेडफर्ड, शेव्हर्ले, स्टुडबेकर, लेलँड, अल्बियन अशा नाना जातींच्या गाड्या होत्या. इतक्या जातींचे सुटे भाग सांभाळायचे म्हणजे काय दिव्य असेल! ते डेपोतल्या मिस्त्रींनी केले.

पुढे १९५९ साली जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. (पोरांना हे नाव सांगितले की त्यांना दूरदर्शनवरचा शक्तिमान आठवतो. हा त्याच्या चाळीस वर्षे आधीचा.) त्याच्या जोडीला निसानचा एक टनी ट्रक आणि जोंगा आले. नव्वदीच्या दशकात शक्तिमान थांबला, त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने आणि टाटाच्या गाड्यांनी घेतली. म्हणजे लिलावात दिसणारी गाडी शक्तिमान किंवा निसान असेल तर तिचे उत्पादन केव्हाच बंद पडले आहे, हे धरून चालायचे. स्टॅलियन किंवा टाटा असेल तर बाजारात चालणाऱ्या ट्रकशी तिचे बरेच भाग जुळतात. माझ्या मते पहिली निवड इथेच होते. निसानचे पेट्रोल इंजिन तर शेतकऱ्याने लांबूनच पाहावे, ते पाहायला छान आहे.

फौजेची गाडी लुटारू कंत्राटदाराच्या गाडीसारखी चालून चालून मरत नाही. ती उभी राहून मरते. मीटर पाहिला तर किलोमीटर थोडे असतात आणि घेणारा हुरळतो. पण दहा-बारा वर्षे शेडमध्ये नाहीतर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर संपलेले असते. ब्रेकच्या नळ्या, व्हील सिलिंडरच्या वाट्या, एक्सलची ऑइल सील, रेडिएटरचे पाइप, सगळे बाहेरून धड आणि आतून भुसा. टायरवर नक्षी पूर्ण असते, पण बाजूच्या भिंतीला भेगा असतात. टायरच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात, ते वाचायला शिका. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी किती उरली यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. डिझेलच्या टाकीत तळाला गंज आणि चिकटा बसलेला असतो. टाकी न धुता इंजिन सुरू केले की तो पंपात आणि नोझलमध्ये जातो, आणि स्वस्तातली गाडी पहिल्याच दिवशी महाग होते.

म्हणून आणल्यावर पहिले काम इंजिन सुरू करून गल्लीला ऐकवण्याचे नाही. टाकी उतरवा, धुवा. सगळी तेले बदला. इंजिनाचे, गीअर बॉक्सचे, छोट्या गीअर बॉक्सचे आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअलचे. तेल किलोमीटरवर नाही, वर्षावरही खराब होते, त्यात पाणी धरते. मग ब्रेकचे सगळे रबर नवे घाला, एकही जुने ठेवू नका. गाडी चालणे ही नंतरची गोष्ट, आधी ती थांबली पाहिजे. हवेचा ब्रेक असेल तर एअर टाकीतले पाणी रोज सोडायचे.

चार चाकांच्या ओढीबद्दल आपल्या लोकांच्या मनात फार मोठी कल्पना आहे. चिखलात, नाल्यात, रेतीत ती कामाची खरी. पण काळ्या रानात पाऊस पडून गेला की टायरची नक्षी चिकणमातीने भरते, मग चारही चाके सारखीच फिरतात आणि जड गाडी एक्सलपर्यंत बसते. पावसाळ्यात रान तुडवायला हा ट्रक नाही, हे मी कोरडवाहू भागातल्या भावांना स्पष्ट सांगतो. शिवाय डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून गाडी चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखी फिरत नाहीत, त्या ओढाताणीचा ताण छोट्या गीअर बॉक्सवर येतो आणि तो फुटतो. चारही टोकांना एकाच मापाचे टायर लागतात तेही याचसाठी. दोन नवे आणि दोन झिजलेले घालून पैसे वाचवणारा पुढे गीअरचे पैसे मोजतो.

विजेचे एक सांगतो, कारण त्यात हमखास चूक होते. लष्कराच्या बऱ्याच गाड्यांत २४ व्होल्टची वायरिंग असते, १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. एखादा दिवा किंवा टेप १२ व्होल्टचा म्हणून तो एकाच बॅटरीवरून घेतात. मग एक बॅटरी उपाशी आणि दुसरी फुगलेली, दोन्ही सहा महिन्यांत जातात.

आणि चाकाच्या रिंगेची गोष्ट जिवाची आहे. जुन्या ट्रकच्या चाकाला लॉक रिंग असते. नीट न बसलेली रिंग हवा भरताना तोफेच्या गोळ्यासारखी उडते. हवा भरताना समोर वाकून बसू नये, चाक साखळीने बांधावे किंवा पिंजऱ्यात ठेवावे. जुन्या जीपांच्या काही रिंगा दोन तुकड्यांच्या, बोल्टने जोडलेल्या असतात. ते बोल्ट चाकाचे नट समजून हवा असताना सोडणारा माणूस वाचत नाही. पंक्चरवाल्या पोराला हे कुणी सांगितलेले नसते. गाडीच्या मालकाने सांगावे.

आता सुटे भाग. उत्पादन बंद म्हणजे भाग मिळणारच नाहीत, असे नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर, मग गाडी जर्मन असो की जपानी, आणि बेअरिंग बोईसरला घ्या की बोरीअरबला. ऑइल सीलचेही तसेच, आतले, बाहेरचे आणि जाडीचे माप घेऊन गेलात तर दुकानदार गाडीचे नाव विचारत नाही. बुश, पिन, ब्रॅकेट लेथवर होतात. पण स्टिअरिंगचा कोणताही भाग आणि ब्रेकचा कोणताही भाग साध्या लोखंडाचा घडवून बसवू नका. तिथे पोलाद कोणते आणि त्याला पाणी कसे दिले, यावर माणसे जगतात-मरतात. क्राऊन आणि पिनियन एकटे बदलत नाहीत, जोडीनेच. माझ्या पाहण्यातल्या एका गाडीला नुसता पिनियन नवा घातला होता. तिचा आवाज मनोरच्या घाटात शिरण्याआधीच ऐकू यायचा.

परवडते का? साधा हिशेब मांडू. जुना ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो आणि नवा ६, असे धरा. डिझेल ९० रुपये धरा. वर्षाला ३,००० किलोमीटर चालली तर जुन्याला ७५० लिटर, नव्याला ५००. फरक २५० लिटरचा, म्हणजे साडेबावीस हजार. नव्या ट्रकच्या कर्जाचा एका महिन्याचा हप्ताही याहून मोठा असू शकतो. पण तीच गाडी भाड्याने २०,००० किलोमीटर पळवली तर फरक दीड लाखाचा होतो. हंगामात कापूस, नंतर कडबा, उन्हाळ्यात पाणी एवढेच काम असेल आणि दहा-पंधरा कोसांत मिस्त्री असेल, तर गाडी घ्या. भाड्याचा धंदा करायचा असेल तर घेऊ नका. आणि धूर ओकणारी, ब्रेक नसलेली गाडी 'जुनी आहे म्हणून चालायचेच' असे म्हणत गावातून फिरवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, इथपर्यंत गोष्ट आपल्या हातची होती. यापुढे सरकार येते.

लष्कराचा बाणाचा नंबर गाडी विकली की संपतो. तिची नोंदणी नव्याने करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये त्याची सोय आहे. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये माजी लष्करी वाहनाचा रकाना आहे आणि त्यासोबत फॉर्म २१ चे मूळ विक्रीपत्र लागते. म्हणजे कायदा या गाड्यांना ओळखतो. पण २०२१ साली भंगार धोरणाचे नियम आले. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील जड ट्रकच्या फिटनेसची फी साडेबारा हजार केली. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवायची नाही, ती नोंदणीकृत भंगार केंद्रात तोडायची असे ठरले. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष वापरातली खास वाहने त्यातून सुटली.

धूर कमी व्हावा, याला कुणाचा विरोध आहे? पण धूर मोजायचे यंत्र आहे, ब्रेक तपासायचे यंत्र आहे. मग जन्मतारीख कशाला विचारता? आमच्या तारापूरला अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन १९६९ सालच्या. २००५-०६ साली त्या बंद करून दुरुस्त केल्या आणि पुन्हा चालवल्या. २०२० साली पाइप बदलण्यासाठी पुन्हा बंद केल्या. तिथे शास्त्रज्ञ वय पाहून गाडा मोडीत काढत नाहीत. तपासतात, झिजलेले बदलतात, मग परवाना देतात. मला तो मार्ग बरोबर वाटतो. अणुभट्टीला जो न्याय लागू पडतो, तो पाटे आणि ब्रेक असलेल्या ट्रकला का लागू पडू नये? (याच केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली. त्यांच्या घरांना मात्र दुरुस्तीची संधी मिळाली नाही.)

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर एक समिती नेमली आणि त्यात शेती अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही घेतल्या. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा करून ट्रॅक्टर कंपन्यांना दुरुस्तीची माहिती आणि साधने शेतकऱ्याला द्यायला लावली. इथे तर कंपनीशी भांडायचेही कारण नाही. शक्तिमानची चित्रे, मापे, दुरुस्तीची पुस्तके सरकारी कारखान्याची. ती छपाईच्या किमतीत द्यावीत, आणि मराठीत द्यावीत. बंद झालेल्या गाड्यांचे सुटे भाग वजनावर भंगारात न घालता गाड्यांसोबत विकावेत. एमएसटीसीच्या ई-लिलावात अनेकदा ढीगच्या ढीग एकत्र निघतो, तो व्यापारीच उचलतो आणि मग एकेक गाडी आपल्याला दुप्पट किमतीत देतो. एकेका गाडीची बोली ठेवली तर गावातले चौघेही बोली लावू शकतील. वयाऐवजी तपासणी, आणि तपासणीची फी परवडेल अशी. यापेक्षा जास्त मागणी माझ्याकडे नाही.

तोवर लिलावाला जाणाऱ्याने एवढे करावे. कागदावर 'वाहन' लिहिले आहे की 'भंगार', हे बोलीआधी वाचावे. भंगार म्हणून घेतलेल्या सांगाड्याला नंबर मिळण्याची आशा धरू नये. चॅसिसवरचा नंबर गंज घासून स्वतः वाचावा आणि फॉर्म २१ वरच्या नंबराशी आकड्याने आकडा जुळवावा. सोबत दलाल नको, मिस्त्री न्यावा, आणि त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवावी.