खुब्याचा सांधा आणि समाजाची नोंदवही

बाजारातील बहुतेक वस्तूंची पारख ग्राहक स्वतःच्या अनुभवाने करू शकतो. चप्पल लवकर झिजली तर पुढच्या खेपेस दुकान बदलता येते. खुब्यात बसविलेल्या कृत्रिम सांध्याचे तसे नाही. तो निवडतो शल्यविशारद, पुरविते कंपनी, पैसे मोजतो रुग्ण. आणि वस्तू कशी निघाली हे कळावयास दहा-पंधरा वर्षे जावी लागतात. ग्राहक हा बाजाराचा राजा असतो, हा सिद्धान्त येथे सपशेल लटका ठरतो.

या सांध्याचा इतिहास हेच सांगतो. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. पदार्थ गुळगुळीत होता, आरंभीचे निकाल सुखद होते; परंतु काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊती बिघडल्या. चार्नली यांनी तो मार्ग सोडला व १९६२ मध्ये दाट पॉलिएथिलीनची वाटी आणि धातूचा लहान गोळा ही जोडी स्वीकारली. तीच पुढे जगभर रुजली. रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा होत राहिला, म्हणूनच या पदार्थांचा खरा गुणदोष उमगला.

एका शल्यविशारदाने केले ते स्वीडनने १९७९ साली राष्ट्रीय पातळीवर आरंभिले. कोणत्या रुग्णास कोणता सांधा बसविला आणि तो केव्हा बदलावा लागला, याची नोंद सर्व रुग्णालयांतून एकत्र होऊ लागली. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये व इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये हाच मार्ग धरला. २०१९ साली अशाच नोंदींच्या आधारे असे अनुमान निघाले की, बसविलेल्या शंभर सांध्यांपैकी सुमारे ५८ सांधे २५ वर्षे टिकतात. हे ज्ञान कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीतून मिळाले नसते.

या नोंदवह्यांचे मोल एएसआर प्रकरणात दिसून आले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या उपकंपनीने वाटी व गोळा दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम धातूचे असलेला हा सांधा बाजारात आणला. धातू अधिक टिकेल, ही अपेक्षा होती. परंतु वाटी उथळ असल्यामुळे गोळ्याचा भार तिच्या काठावर येई, धातूचे सूक्ष्म कण सुटत व कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत. शंभरातील १२ ते १३ सांधे पाच वर्षांतच बदलावे लागत असल्याचे इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीने दाखविले. ऑस्ट्रेलियात तो २००९ च्या डिसेंबरात मागे घेतला गेला. जगभर ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३ हजार सांधे बसविले गेले होते.

भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एक विदारक सत्य उघडकीस आले: यांपैकी केवळ १,०८० च्या आसपास रुग्णांचाच ठावठिकाणा लागला होता. उरलेले सुमारे ३,६०० रुग्ण कोठे आहेत, हे कोणासच सांगता येत नव्हते. अमेरिकेत २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे २०१८ च्या नोव्हेंबरात सरकारने ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरविले. परंतु ज्याचा पत्ताच नाही, त्याच्या हाती भरपाई पडणार कशी? त्याच्या शरीरात काय बसविले आहे, हे त्यास कोण सांगणार?

भारतात शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे. ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक नोंदीत सहसा काळजी घेणारा नोंद करतो आणि ज्याची चूक झाकावयाची असते तो गप्प राहतो. सक्तीने कागदपत्रांचा भार वाढेल व नव्या संशोधनास खीळ बसेल, असा आक्षेप घेतला जातो. पण स्वीडनमध्ये संशोधन थांबले नाही. वाईट सांधे मात्र लवकर ओळखले गेले. नोंदीचा खर्च खराब सांधा पुन्हा काढून नवा बसविण्याच्या खर्चापुढे किरकोळ होय. आज तो दुसरा खर्च कुटुंबाच्या माथी पडतो आणि नफा कंपनीच्या खात्यात राहतो. हिशोबाची ही उफराटी रीत मोडली पाहिजे.

म्हणून मागणी नेमकी असावी. प्रत्येक सांध्याची नोंद कायद्याने सक्तीची व्हावी. तिचा खर्च उत्पादकांवरील शुल्कातून भागावा. रुग्णाची ओळख गुप्त राखून वार्षिक निष्कर्ष प्रकट व्हावेत, आणि सांध्याचे नाव व क्रमांक असलेले पत्रक रुग्णास मराठीसह त्याच्या भाषेत मिळावे. कार्यकर्त्यांनीही आपापल्या भागातील सांधा बदललेल्या वृद्धांना शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवण्यास सांगावे. कायदा होईपर्यंत एवढे तरी कोणाच्याही परवानगीवाचून करता येण्याजोगे आहे.